फळ्याच्या रंगाची नळी

आमच्या घरात कॅमेरा आला तो माणसांचे फोटो काढायला नव्हे, बटणांचे काढायला. बटणं म्हटलं की लोक शर्टाकडे बघतात, म्हणून आधीच सांगून टाकते. रत्नागिरीजवळ आमच्या गावच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की काळा कातळ उघडा पडतो, आणि त्यातल्या डबक्यांमध्ये दगडांना चिकटलेली, शर्टाच्या बटणाएवढी हिरवी फुलं दिसतात. फुलं कसली, जिवंत प्राणीच ते. कडेने बारीक झालर आणि मधोमध तोंड. ऊन मिळालं की उघडतात, धक्का लागला की मिटून घेतात. गावच्या शाळेतले गुरुजी सांगायचे की ही पोवळ्याची चुलत भावंडं. गुरुजी म्हणजे माझेच वडील, अण्णा. आम्ही मुली आपलं नुसतं बटणं म्हणायचो, आणि मी अजून तेच म्हणते.

सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा चहूकडे कारखाने उभे राहत होते. हे मूळचे कुरुळीचे, घरची शेती, पण यांचा जीव नांगरापेक्षा लेथवर जास्त. एका कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं घडवायच्या खात्यात होते. स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. सकाळी भोंगा, दुपारी भोंगा, वाळत घातलेल्या कपड्यांवर फाउंड्रीची काजळी, आणि नळाला पाणी येईल तेव्हा येईल. सुरुवातीला मला फार राग यायचा. मला राग लवकर येतोच. पण खोटं कशाला बोलू, मला तिथे आवडायलाही लागलं होतं. नवरा चांगला होता, शेजार बोलका होता, पूर्वेच्या खिडकीतून सकाळी भरपूर ऊन यायचं. समुद्र तेवढा नव्हता, आणि अण्णा येत नव्हते.

चार वर्षं झाली तरी अण्णा माझ्या घरी आले नव्हते. विचारलं की म्हणायचे, घाट लागतो, एस.टी.त उलट्या होतात. होत होत्या, नाही असं नाही. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते आमच्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. अण्णांना एक मोठी बहीण होती. तिला घाटावर दिली होती, खात्यापित्या घरी. लग्नानंतर वर्षभराने अण्णा तिला भेटायला गेले. तिने पाणी दिलं, जेवायला वाढलं, आणि कशी आहेस म्हणून विचारल्यावर खाली मान घालून हळूच म्हणाली, "सगळं छान आहे." अण्णा समाधानाने परत आले. पुढल्या वर्षी ती गेल्याची तार आली. काय झालं होतं ते त्यांना कुणी धड सांगितलं नाही. तेव्हापासून अण्णा घाट चढले नाहीत. माझं लग्न त्यांनी लावून दिलं, जावईही त्यांना पसंत होता, पण मी इथे कशी राहते ते डोळ्यांनी बघायचा त्यांना धीर होत नव्हता. "आपल्याकडचं काही तिकडे टिकत नाही," असं ते हापूसच्या कलमाबद्दल म्हणायचे आणि बघायचे माझ्याकडे.

मला संताप यायचा. मी काय कलम आहे? पण संताप पत्रात कसा लिहायचा? आधीच धास्तावलेल्या माणसाला आणखी घोर नको, म्हणून मी दर पंधरवड्याला पोस्टकार्ड टाकायचे. आम्ही मजेत, पाणी मुबलक, हवा कोरडी, सगळं छान आहे.

एका दिवाळीला माहेरी गेले होते. निघायच्या दिवशी सकाळी ओहोटी होती. मी कातळावर जाऊन वीतभर लांबीचा एक दगड उचलून आणला. त्यावर नऊ बटणं होती. कडीच्या डब्यात समुद्राचं पाणी भरलं आणि दगड आत ठेवला. अण्णा ओटीवरून बघत होते.

"हे काय?"

"घरी घेऊन चाललेय."

"घाट चढेपर्यंत मरतील."

"नाही मरणार."

"मरतील गं. त्यांना भरती लागते, खारं वारं लागतं. कशाला उगाच?"

माझं डोकं फिरलं. "अण्णा, माझ्याकडे जगली ही, तर याल का बघायला?"

अण्णा ओटीवरून उतरून डब्यात डोकावले. मग अगदी मास्तरी आवाजात म्हणाले, "तीन महिने जगली तर बघू. पण पुरावा पाहिजे. तुझ्या शब्दावर नाही, तू लहानपणापासून थापाडी. फोटो पाठव. उघडलेली दिसली पाहिजेत आणि झालर मोजता आली पाहिजे. मग येईन मे महिन्यात, शाळेला सुटी लागल्यावर."

डबा मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसले. अख्खा घाटभर पाणी हिंदकळत होतं. माझी साडी भिजली, शेजारच्या बाई नाकाला पदर लावून दुसरीकडे बघत बसल्या. मला त्याचं काही नव्हतं. बटणं जगवायची, फोटो काढायचा आणि अण्णांना घाट चढायला लावायचा, एवढंच डोक्यात होतं.

घरी पोचल्यावर यांनी डब्यात डोकावून पाहिलं. "ह्ये काय आणलंस? मनुका भिजत घातल्यात व्हय?"

मिटलेली बटणं तशीच दिसतात, त्यात यांचा दोष नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा खिडकीत ठेवला. ऊन पाण्यात उतरलं आणि बटणं एकेक करून उघडायला लागली. हे दात घासत होते. तोंडात ब्रश तसाच, फेस हनुवटीवर, आणि हे डब्यावर वाकलेले. शिफ्टची वेळ झाली तरी हलेनात. त्या दिवशी यांना आयुष्यात पहिल्यांदा लेटमार्क लागला.

मग काय, टूलरूमचा माणूस एकदा नादाला लागला की लागलाच. डब्यातून फोटो निघणार नाही आणि गोल बरणीतून वाकडा येईल म्हणून यांनी खिडकीच्या काचेचे पाच तुकडे आणले आणि कंपनीत मिळणाऱ्या, दोन ट्यूबमधून काढून कालवायच्या चिकट लेपाने जोडून पेटी केली. कोपरे गुण्या लावून तपासले. पेटी तीनदा पाण्याने भरून रात्रभर ठेवली, तीनदा ओतून दिली, आणि मगच दगड आत जाऊ दिला.

पाण्याची सोय मी केली. आमच्या गावचा एक कंडक्टर होता, त्याची पाळी असायची तेव्हा तो महिन्याला एक कॅन समुद्राचं पाणी स्वारगेटला उतरवून ठेवायचा. तिथून हे तो कॅन घेऊन पुणे स्टेशनला जायचे आणि लोकलने चिंचवडला यायचे. एकदा फलाटावर हवालदाराने अडवलं. त्या काळी कॅन म्हटला की हातभट्टीचाच वास यायचा लोकांना. "पाणी हाय सायेब, समुद्राचं," हे म्हणाले. हवालदार म्हणाला, मला शिकवतो काय, आणि बूच काढून त्याने एक घोटच घेतला. त्याचं तोंड कसं झालं ते करून दाखवायला यांना पुढे कितीतरी वर्षं पुरलं.

कॅनच्या तोंडाला दर वेळी एक फडकं घट्ट बांधलेलं असायचं, जुन्या धोतराचं. पाणी गाळून भरलेलं असायचं, वाळूचा एक कण नसायचा. कंडक्टरला मी कधी विचारलं नाही की कॅन भरून कोण देतं. ते धोतर कुणाचं होतं ते मला दिसत होतं. तोंडाने मरतील मरतील म्हणायचं आणि पहाटे भरतीचं पाणी गाळत बसायचं, असा तो माणूस.

उन्हाने पाणी आटलं की साधं पाणी घालावं लागे. किती घालायचं ते मी जिभेने ठरवायचे. बोट बुडवायचं, चाखायचं, गावच्या समुद्रासारखं लागलं की बस. यांना हे मुळीच पटत नसे. मोजमापाशिवाय काम म्हणजे पाप. यांनी बॉलपेनच्या रिकाम्या नळीत बेअरिंगची छोटी गोळी घालून तरंगणारं माप तयार केलं, त्यावर खुणा केल्या. पंधरा दिवस माझी जीभ आणि त्यांचं माप शेजारी शेजारी चाललं. मग एक दिवस माप ड्रॉवरमध्ये गेलं, ते गेलंच.

आता फोटो. स्टेशनजवळ एका चाचांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नानंतरचा आमचा जोडीचा फोटो त्यांनीच काढलेला. त्यांच्याकडे एक जुना पेटी-कॅमेरा पडून होता, तो त्यांनी वापरायला दिला आणि बजावलं, "भाभी, हा बिचारा जवळचं काही बघत नाही. दहा पावलांवर माणूस उभा करा, मग बघा याची करामत." आमचं बटण तर करंगळीच्या नखाएवढं. दहा पावलांवरून काचेची पेटीसुद्धा दिसली नसती.

यांनी खिशातलं भिंग काढलं, मोजपट्टीवरच्या बारीक रेघा वाचायचं. खिडकीसमोर धरून समोरच्या कडुनिंबाचं चित्र आमच्या भिंतीवर पाडलं, उलटं. भिंग मागेपुढे करत झाड जिथे लख्ख दिसलं तिथे भिंतीपासूनचं अंतर मोजलं. म्हणाले, कॅमेऱ्याच्या नाकाशी हे भिंग लावलं तर एवढ्याच अंतरावरचं स्वच्छ दिसणार. मग एवढ्याच लांबीची नळी करायची. एक टोक कॅमेऱ्यावर, आत भिंग, दुसरं टोक पेटीच्या काचेला टेकवायचं, आणि दगड काचेला लागून ठेवायचा. नळीच अंतर राखणार. डोळ्याने बघायचं कामही नळीकडून करून घ्यायचं, हे खास टूलरूमचं डोकं.

भंगारातला पितळी तुकडा फोरमनला विचारून घेतला, जेवणाच्या सुटीत आठ दिवस काम केलं. बाहेर न्यायला गेटपास लागतो, त्यावर मालाचं वर्णन लिहावं लागतं. यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘समुद्रातील फुलांचा फोटो काढण्याची नळी, एक नग’. गेटवरच्या माणसाने तो कागद म्हणे सगळ्या खात्यांना फिरवला.

नळी घरी आली तेव्हा मी बघतच राहिले. काय चमकत होती! बाहेरून सोन्यासारखी, आणि आतून त्याहून जास्त. आतल्या बाजूला बफ मारमारून आरसा केला होता. "आत बघ, आत," हे म्हणत होते. "एक ओरखडा दाखव. न्हाई सापडायचा." मी डोळा लावला तर माझाच डोळा गोल गोल चारी बाजूंनी दिसला. मी म्हटलं, वा.

पहिला रोल आम्ही एका रविवारी संपवला. बारा फोटो. चाचांनी धुऊन दिले तेव्हा त्यांचा चेहरा दुखवट्याला आल्यासारखा होता. बाराच्या बारा फोटोंत पांढरा धुरकट उजेड, आणि त्या उजेडात कुठेतरी काहीतरी असल्याचा नुसता संशय. चाचांनी नळी मागितली, दिव्याकडे धरून आत बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे भाऊ, ही नळी आहे की शीशमहल? सगळा उजेड आत नाचतोय. कॅमेऱ्याच्या पोटात अंधार पाहिजे. काळा, एकदम बिनचमक."

हे घरी येईपर्यंत नळीत डोकावत चालले. मग जेवताना म्हणाले, "धा वर्सं झाली लेथवर. आजवर कुणी मला फिनिश घालवायला न्हाई सांगितलं." मला हसू आवरेना. मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले, हसून घेतलं आणि परत आले.

यांनी आतून काळा ऑइलपेंट दिला. तोही चमकला. घासून काढला, दुसऱ्या कंपनीचा दिला. तोही चमकला. या माणसाच्या हाताला चमकच येते, त्याला कोण काय करणार? तीन महिने भरत आले होते, आणि बटणं खिडकीत मजेत उघडत होती, मिटत होती. जिवंत होती, पण पुरावा नव्हता.

आणि एका दुपारी भेंडी चिरताना मला एकदम आमच्या शाळेचा फळा आठवला. दर वर्षी जून उजाडायच्या आधी अण्णा आणि मी फळा रंगवायचो. कोळशाची वस्त्रगाळ पूड, टॉर्चचे जुने सेल फोडून त्यातलं काळं, आणि कसल्याशा पानांचा चिकट रस. विकतचा रंग अण्णांना चालायचा नाही. "फळा चमकला की कडेच्या पोराला अक्षर दिसत नाही," म्हणायचे. पहिला हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग दुसरा. मला दुसऱ्या हाताचा फार कंटाळा.

चिंचवडला ती पानं कुठून आणणार? मी भेंडीच कुटली. तिचा चिकट रस काढला, त्यात कोळशाची पूड आणि सेलचं काळं कालवलं, लाटण्याला फडकं गुंडाळलं आणि नळीच्या आत फिरवलं. हे शिफ्टवरून आले तेव्हा नळी उन्हात वाळत होती.

"ह्ये काय केलंस?"

"फळा."

यांनी वास घेतला. "माझ्या नळीत भेंडी घातलीस?"

"तुमच्या नळीला पोट नव्हतं, ते दिलं," मी म्हटलं. यांनी आत डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढला नाही. आत काही म्हणजे काही दिसत नव्हतं. नुसता अंधार.

पुढल्या रविवारी दुसरा रोल घातला. मी आरसा धरून ऊन वरून पाण्यात पाडत होते, यांनी नळी पुढे आणून काचेला टेकवली. टण्ण! नऊच्या नऊ बटणं मिटली. मनुका. अर्धा तास वाट पाहिली, परत उघडली, परत टण्ण. तिसऱ्यांदा मी यांच्यावर अशी ओरडले की खालच्या बिऱ्हाडाने वर बघितलं. हे शांतपणे उठले, सायकलच्या जुन्या ट्यूबचं एक कडं कापलं आणि नळीच्या तोंडावर चढवलं. मग नळी काचेला अशी टेकली की माशीला कळलं नसतं. माझा हात आरसा धरून भरून आला होता, नाकाला खाज सुटली होती, पण मी हलले नाही.

त्यातला एकच फोटो धड आला, पण काय आला! गोल चौकटीत सात बटणं, सगळी उघडलेली, एकेक झालर सुईने काढल्यासारखी. मी चाचांच्या दुकानातच रडले. चाचा एवढे खूश झाले की दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन एका प्रतीला हाताने रंग दिला. लग्नाच्या फोटोतल्या नवरा-नवरीला देतात तोच गुलाबी, गालांचा. मी म्हटलं, चाचा, ही हिरवी असतात. ते म्हणाले, भाभी, हिरव्याला कोण बघतं? ती प्रत मी ठेवून घेतली आणि अण्णांना साधीच पाठवली.

आठ दिवसांत अण्णांचं कार्ड आलं. ‘फोटो पोचला. झालरी मोजल्या. बटणे सातच दिसतात, नेली नऊ. उरलेली दोन कोठे?’ बस, एवढंच. येतो म्हणून एक शब्द नाही. मी उलट टपाली कळवलं की दोन नळीच्या बाहेर राहिली, जिवंत आहेत, आता याच. त्याला उत्तर नाही.

एप्रिलमध्ये कुरुळीची जत्रा होती. आम्ही चार दिवसांसाठी गेलो. निघताना चोराचिलटाच्या भीतीने मी खिडकी लावून घेतली. पूर्वेची खिडकी, बंद खोली, चैत्राचं ऊन. परत आलो आणि दार उघडताच वास आला. पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं गरम झालं होतं. दगडावर बटणांच्या जागी पांढरट चिखल होता. मी दगड हातात घेऊन मोरीत बसून राहिले. हे म्हणाले, "आगं, फोटो हाय ना. आण्णांनी फोटोच मागितला व्हता." मी यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

आणि मग मी ते केलं. अण्णांना कार्ड लिहिलं, बटणे मजेत आहेत, आम्हीही मजेत, सगळं छान आहे. आले तर काय दाखवणार, याचा विचार केला नाही. चार वर्षं आले नव्हते, आता तरी कशाला येतील?

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, मी गहू निवडत बसले होते तर दारात अण्णा. चेहरा हिरवट, ओठ सुकलेले, हातात पिळून गेलेलं लिंबू. खांद्यावर कॅन, त्याच्या तोंडाला धोतराचं फडकं. ज्या क्षणाची मी चार वर्षं वाट पाहिली तो आला, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो पेटीचा. पेटी खिडकीत होती, त्यावर मी चादर टाकून ठेवली होती.

"पाणी ताजं आहे," कॅन खाली ठेवत अण्णा म्हणाले. "बदलून टाक. कशी आहेत?"

"आधी बसा तरी. चहा टाकते."

"कशी आहेत बटणं?"

"छान आहेत," मी म्हटलं. वर बघवेना.

"आणि तू?"

"सगळं छान आहे." आवाज अगदी हळू आला, खोटं बोलत होते म्हणून.

अण्णा भिंतीला धरून मटकन खाली बसले. मी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. ते माझ्याकडेच बघत होते, पण त्यांना मी दिसत नव्हते. माझ्या जागी त्यांना कोण दिसत होतं ते मला कळलं.

"काही छान नाही!" मी ओरडले. "मेली ती! सगळी मेली! मी मारली! खिडकी लावून घेतली आणि जत्रेत जिलब्या खात बसले! म्हणा आता, तिकडे काही टिकत नाही म्हणून! आणि पाणी काही मुबलक नाही, पहाटे चारला नळावर भांडते मी, काल एकीची बादली ओतून दिली! धूर असा की पांढरं लुगडं नेसायची सोय नाही! यांना ओव्हरटाइम लागला की दोन-दोन दिवस बोलायला माणूस नाही! आणि चार वर्षं! चार वर्षं लेकीच्या घरी यायला जमलं नाही, आणि बटणांसाठी आलात! मी काय बटणांपेक्षा..." पुढे मला बोलता येईना, हुंदकाच आला.

शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. अण्णा हसत होते. हसता हसता धोतराच्या टोकाने डोळे पुसत होते.

"हां," ते म्हणाले. "हा आवाज."

"दिवाळीला येते तेव्हा ऐकता की."

"माहेरी सगळ्याच ओरडतात. मला इथे ऐकायचा होता." मग जरा थांबून, लिंबू बाजूला ठेवत म्हणाले, "ताई त्या दिवशी एवढी ओरडली असती ना, तर मी तिला तशीच गाडीत घालून घरी आणली असती."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. शेजारणींनीच आत जाऊन चहा टाकला. नळावर जिची बादली मी ओतली होती ती त्या दोघींतलीच एक होती.

साडेतीनला हे शिफ्टवरून आले. "आण्णा! कवा आलात?" म्हणत पाया पडले आणि पाच मिनिटांत नळी घेऊन हजर. अण्णांनी ती खिडकीकडे धरली, एक डोळा मिटला आणि आत बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एकच हात दिलायस."

"फोटो आला ना?"

"दुसरा दिला नाहीस. आळशीच तू." आणि यांना म्हणाले, "जावईबापू, भेंडी आहे का घरात?"

आणलेलं पाणी त्यांनी रिकाम्या पेटीतच ओतायला लावलं. म्हणाले, राहू दे, पुढल्या दिवाळीला दुसरा दगड ने. ते महिनाभर राहिले. लेथ बघून आले, चाचांच्या दुकानात फोटो काढून घेतला, नळावर पहाटे माझ्या मागे बादली घेऊन उभे राहिले आणि मी कशी भांडते ते कौतुकाने बघत बसले. जाताना एकच अट घातली, की पत्रात ‘सगळं छान आहे’ हे वाक्य पुन्हा दिसता कामा नये.

मग मी लिहायला लागले. नळ, धूर, रॉकेलची रांग, कुरुळीला गेलं की सासूबाईंचे टोमणे, यांची मुकाट बसायची सवय. कार्डावर जागा पुरायची नाही, कडेने उभं लिहायचे. अण्णांची उत्तरं मात्र नेहमीसारखी दोन ओळींची असायची. ‘तुझे पत्र वाचून फार आनंद झाला. मे महिन्यात येतो.’